मळ्यातलं औक्षण

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज आमचं टूर्सचं ऑफिस उघडलं आणि रविराज सरांनी पहिल्यांदाच एक अख्खा वीकेंड माझ्या हातात दिला. आजवर मी फक्त फोन करत होते. बस निघाली का, खोल्या झाडल्या का, जास्तीच्या गाद्या मिळतील का. आता प्लॅन माझा.

पुण्याच्या अकरा मुली आहेत. त्यांच्यातल्या सायलीचं डिसेंबरमध्ये लग्न आहे, म्हणून मैत्रिणी तिला २२-२३ नोव्हेंबरच्या शनिवार-रविवारी नाशिकला आणणार आहेत. अशा ग्रुपना काय हवं असतं ते ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला बंगला, वायनरी, सकाळी मिसळ, रात्री डीजे.

"सर, सगळं मी एकटीने?"

"सगळं. दारू त्यांची, डोकेदुखी आपली. या वेळची डोकेदुखी तुझी." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "हे नीट झालं तर लग्नाच्या ग्रुपचं काम यापुढे तूच बघायचंस."

संध्याकाळी घरी आईला सांगितलं. ती तोडलेल्या शेवंतीवर ओलं फडकं टाकत होती. सकाळच्या बाजारासाठी.

"म्हंजे पोरीपोरी दारू प्यायला येनार?"

"वाइन, आई."

"द्राक्षाचीच ना ती? मंग."

मी हसले, पण मला ते हसण्यावारी न्यायचं नाही. लोक नाशिकला येतात आणि कोणालाही न भेटता परत जातात. मला असा वीकेंड करायचा आहे की जाताना त्यांना वाटावं, आपण इथल्या एका माणसाला तरी ओळखतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज तेजस्विनीशी बोलले. ग्रुपची सगळी व्यवस्था तीच बघते. मी "मॅडम" म्हटलं तर म्हणाली, "मॅडम काय गं, तेजू म्हण." मला एकदम तेजू म्हणवलं नाही. मी "तुम्ही" म्हणत राहिले आणि ती "तू".

"सायलीला हटके काहीतरी हवंय. गोवा सगळेच करतात. फोटो असे पाहिजेत ना, की लोक विचारतील, ही जागा कुठली?"

मी म्हटलं, आमच्या मळ्यात त्या वेळी झेंडू आणि शेवंती पूर्ण फुललेली असेल. तिथे तिची हळद खेळू. खरी हळद घरी होईलच, ही मैत्रिणींची. फुलांचे दागिने आई करेल.

तिकडून किंकाळीच आली. मग म्हणाली, "आणि वेलकमला एखादी गावाकडची आई हवी. नऊवारी, ताट, दिवा. औक्षण करणारी. ओरिजिनल."

मला "ओरिजिनल" शब्द आवडला नाही, पण कल्पना आवडली. आमच्याकडे नवरी होणाऱ्या मुलीला कोणी नुसतं दारातून आत घेत नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मळा तुझाच आहे? मग दोन वर्षं गप्प का बसलीस?" मी इथे लागून दोन वर्षं झालेली नाहीत, पण त्यांना तसं वाटतं खरं.

३ नोव्हेंबर, सोमवार

औक्षणासाठी सखू काकीला विचारलं. चुलत्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे. काकी हौशी आहे, नऊवारी नेसून नथ घालायला तिला कारणच लागतं. पण त्याच शनिवारी तिच्या नातवाचं बारसं आहे, लासलगावला. "आदी सांगायचं ना गं," असं म्हणून तीच माझ्यावर रुसली.

परत येताना बांधावर उभी राहिले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी शेजारच्या घरात आई शोधायला गेले होते. माझी आई समोर झेंडू तोडत होती.

बाबा गेले तेव्हा मी आठवीत होते. तेव्हापासून आई कोणाचं औक्षण करत नाही. हळदीकुंकवाला जात नाही. काकीच्या अमोलला तिने अंगाखांद्यावर वाढवलं, त्याच्या हळदीत ती मागच्या दारी पुऱ्या तळत होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षी याच विषयावर प्रकल्प केला. आईची मुलाखत घेतली होती. कॉलेजच्या सरांनी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. राज्यात काही गावांनी विधवांच्या या चालीरीती बंद करायचे ठरावही केलेत. आणि आमच्या घरात मी पदवी घेऊन काय केलं? काहीच नाही.

रात्री जेवताना विषय काढला.

"आई, औक्षण तू कर."

तिने भाकरी उलटली. "सवाष्नीचं काम हाय ते."

"कोणी ठरवलं?"

"ज्यांनी ठरवलं ते गेले. आता कोनाला इचारशील?"

"मग आपण नाही म्हणायचं. तू माझी आई आहेस. माझ्या पाहुण्यांना तू ओवाळायचं नाही तर कोणी?"

"त्या पोरीला सांगितलंस का? की ही बाई अशी अशी हाय म्हनून?"

"त्या शिकलेल्या आहेत आई. त्यांना काही फरक पडत नाही."

"मंग सांग की. फरक पडत नाय तर सांगायला काय जातंय?"

मला राग आला. हे सांगणंच मुळात चुकीचं आहे. सांगायचं म्हणजे परवानगी मागायची. माझ्या आईच्या हाताला परवानगी कशाला हवी?

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई नाहीच म्हणते. मी दोन दिवस कमी बोलले तिच्याशी. हे बरोबर नाही, मला कळतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे गोठ्यात आवाज आला म्हणून मागे गेले. आई नव्या वासरापुढे बसली होती. हातात देवघरातलं पितळी ताट, रिकामंच. ती ते वासरासमोर गोल फिरवत होती. वासरू ताटाला जीभ लावायला बघत होतं आणि ती त्याला हळूच म्हणत होती, "थांब रे भाड्या, सरळ बस."

मी आवाज न करता परत आले.

दुपारी ती आपणहून म्हणाली, "दिवा तेवढा ओवाळीन. नथ नाय, हिरव्या बांगड्या नाय. जे माझं नाय ते घालनार नाय मी. आन् कुंकू तू लावायचं."

मी तिला मिठीच मारली. ती म्हणाली, "सोड, हाताला शेन हाय."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लॅन जवळजवळ ठरला. शनिवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर पुण्याहून. वाटेत मिसळ, पण थोडीच, कारण मळ्यात पुन्हा खाणं आहे. औक्षण, फुलांचे दागिने, हळद. दुपारी वायनरी. संध्याकाळी बंगला, डीजे. रविवारी पंचवटी आणि परत.

बंगल्याचा मालक म्हणतो, रात्री दहानंतर आवाज बंद, नाहीतर पलीकडचे लोक पोलीस बोलावतात. तेजस्विनी म्हणते, दहा वाजता तर आमची पार्टी सुरू होते. दिवसभर दोघांच्या मध्ये फोन करत होते. शेवटी दहानंतर सगळ्यांनी कानाला हेडफोन लावून नाचायचं ठरलं. सर म्हणाले, "अकरा जणी अंधारात मुक्याने नाचणार. बघणाऱ्याला वाटेल, अंगात आलंय."

फोन ठेवताना तेजस्विनी म्हणाली, "आणि ती आई फिक्स ना? सायलीला मी काही सांगितलेलं नाही, तिला सरप्राइज आहे."

"फिक्स. माझीच आई आहे."

"अय्या, किती गोड!"

त्या क्षणी सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण ती इतकी आनंदात होती, आणि मी सांगितलं असतं तर माझा आवाज अपराध्यासारखा झाला असता. मला अपराध्यासारखं बोलायचं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आईने ताट चिंचेने घासून लख्ख केलंय. अंगण सारवलं. तिची जांभळी नऊवारी ट्रंकेतून काढून उन्हात टाकली. मला झोप येणार नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सगळं झालं! एकूण एक! बंगल्यावरून लिहिते आहे, खाली त्या मुक्याने नाचतायत.

बस दोन तास उशिरा आली. मुली उतरल्या त्या मिसळीने लाल झालेल्या, पाणी पाणी करत. मग त्यांनी मळा बघितला आणि पाणी विसरल्याच. एवढा पिवळा रंग एका जागी बघितला नव्हता, असं एक जण म्हणाली.

आई दारात उभी होती. डोक्यावरून पदर. सकाळी मी तिच्या कपाळावर लहानशी मरून टिकली लावली होती. तिने आरशात बघितलं, पण काढली नाही.

ठरल्याप्रमाणे कुंकू लावायला मी पुढे झाले, तर आमचा फोटोग्राफर राकेश ओरडला, "ए सृष्टी, बाजूला! काकू, तुम्हीच लावा ना, हात पाहिजे फ्रेममध्ये." आईने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने करंगळीशेजारच्या बोटाने सायलीला कुंकू लावलं. ते जरा लांबट झालं. मग तिने ओवाळलं. अगदी सावकाश, जणू घाई केली तर दिवा विझेल.

सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पटकन वाकून आईच्या पाया पडली. आई दचकून मागे सरली आणि म्हणाली, "सुखी ऱ्हा बाई. लय सुखी ऱ्हा."

"काकू, तुम्ही माझ्या लग्नाला यायचंच," सायली म्हणाली. "मी गाडी पाठवते."

हळद खेळताना त्यांनी आईलाही माखवलं. कोणी म्हणालं, "काकू, तुम्हीही आता नवरी!" आई हसली. मी तिला इतक्या मोठ्याने हसताना शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही. मुली वायनरीला निघाल्यावर मी बघितलं, ती पंपावर हातपाय धूत होती, पण गालावरची हळद तिने तशीच ठेवली होती.

मी बरोबर होते. मला आज पहिल्यांदा वाटलं की शिकून काहीतरी झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

पंचवटीच्या गल्लीत बस शिरत नाही हे मी ड्रायव्हरला तीनदा सांगितलं होतं. शेवटी तो शिरलाच, आणि भाजीवाल्या मावश्यांनी त्याची जी पूजा केली ती फुकट बघायला मिळाली. मुली खूश. जाताना सायलीने मला मिठी मारली. "काकूंना सांग, मी आले तर त्यांच्याकडेच राहीन."

२४ नोव्हेंबर, सोमवार

सरांना आज खरी गोष्ट सांगितली. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीत सरळ बसले.

"म्हणजे तुझ्या आईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा?"

"हो."

"मग लिही की! आपल्या पेजवर टाक. असलं लोक वाचतात. राकेशचा व्हिडिओ जोड."

मी एका बैठकीत लिहिलं. शेवट असा केला: "बाबा गेले त्यानंतर माझ्या आईच्या हातात हे ताट कोणी दिलं नव्हतं. शनिवारी अकरा शिकलेल्या मुलींनी ते दिलं. कोणी काही विचारलं नाही, कोणी मागे सरलं नाही. बदल असा शांतपणे येतो." सायलीला आणि तेजस्विनीला टॅग केलं. त्यांचंही त्यात श्रेय आहे.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समद्या लोकांला सांगायची काय गरज व्हती?"

"आई, तुला मान मिळतोय."

"मिळाला व्हता की शनवारी."

तिला या माध्यमाची सवय नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पोस्ट कुठल्या कुठे गेली. अनोळखी बायका लिहितायत की वाचून रडू आलं. पलीकडच्या मळ्यातले वाल्मीक तात्या सायकल थांबवून आईला म्हणाले, "चतुराबाई, मोबाईलात बघितलं तुमाला. बरं केलं पोरीनं." मला खरी भीती गावाची होती. गाव काही बोललं नाही. सखू काकी फक्त एवढंच म्हणाली, "बारसं पुढल्या आठवड्यात ठेवलं असतं तर मीच दिसले असते."

तेजस्विनीने मात्र अजून लाइक केलेलं नाही. ऑफिसात कामं असतील.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजस्विनीचा फोन आला. आज सुरुवातीला तिने "गं" म्हटलं नाही.

"सृष्टी, तू आम्हाला सांगायला हवं होतंस."

"काय?"

"काय म्हणजे? तू सगळ्या जगाला सांगितलंस आणि आम्हाला नाही."

मी म्हटलं, तुम्हाला फरक पडेल असं वाटलं नाही.

"मला नाही गं पडत! मला काय? पण सायलीच्या सासरच्या सगळ्या ग्रुपवर फिरतंय ते. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला डेंग्यू झालाय. परवापासून हॉस्पिटलमध्ये आहे, प्लेटलेट उतरल्यात. आणि त्याची आत्या सगळ्यांना व्हिडिओ दाखवतेय, बघा, नवरीला कोणाच्या हातचं कुंकू लावलंय."

मी म्हटलं, डेंग्यू डासाने होतो.

"हे तू मला शिकवू नकोस. मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे."

शेवटी पोस्ट काढून टाक, एवढं म्हणाली. मी काढली नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सायलीचा स्वतःचा फोन आला. मी आनंदाने उचलला. मला वाटलं, ही तरी म्हणेल की काढू नकोस.

ती बराच वेळ हळू बोलत होती, बहुतेक हॉस्पिटलच्या जिन्यात असावी. "मी काकूंच्या पाया पडले ते मनापासून पडले. ते खोटं नव्हतं, एवढं त्यांना सांग."

"मग?"

"मग काय, माझं लग्न आहे सृष्टी. मी त्या घरात जाऊन राहणार आहे. तुझा लेख वाचून टाळ्या वाजवणारे लोक तिथे राहणार नाहीयेत."

"मी आधी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

जिन्यातून कोणीतरी चढत गेलं, त्या चपला ऐकू आल्या.

"कदाचित," ती म्हणाली. मग म्हणाली, "माहीत नाही. पण ते मला ठरवू द्यायचं होतंस."

गाडी पाठवण्याचं काही बोलली नाही. अर्थात तिच्या डोक्यात आत्ता दुसरं बरंच असणार.

मी दिवसभर चिडले होते. वाचन, डिग्र्या, इंग्रजी, आणि आत हे. पण तिचं शेवटचं वाक्य मला नीट खोडून काढता येत नाही. आईनेही तेच म्हटलं होतं. मी ते मान्य करत नाही, फक्त लिहून ठेवते.

३० नोव्हेंबर, रविवार

सरांनी सुट्टीच्या दिवशी बोलावलं. सायलीच्या सासरकडून कोणीतरी त्यांना फोन केला होता. आणखी दोन ग्रुप याच नातेवाइकांतून येणार होते, ते थांबले आहेत.

"पोस्ट काढायची आणि दोन ओळींचं दिलगिरीचं टाकायचं. त्यांना फक्त एवढंच हवंय की आपल्याला माहीत नव्हतं."

"सर, ती माझी आई आहे. मला कसं माहीत नव्हतं?"

"म्हणून तुझं नाव घालायचं नाही. आईचं पण नाही." त्यांनी कागद पुढे केला. त्यावर असं होतं: औक्षण करणाऱ्या संबंधित महिलेने आवश्यक माहिती आयोजकांना दिली नव्हती, झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

मी म्हटलं, हे मी टाकणार नाही.

"पोस्ट लिहायला तुम्हीच सांगितलंत," असंही मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"सांगितलं. तेव्हा चाललं, आता चालत नाही. सृष्टी, मी तुझ्या आईला वाईट बोलत नाहीये. बाई लाख आहे. पण आपला धंदा लग्नाच्या लोकांचा आहे." मग नरमाईने म्हणाले, "मळा मला सोडायचा नाही. तुलाही सोडायचा नाही. तेराला मुंबईचा ग्रुप आहे, त्यांना तीच जागा हवी आहे. तुझी ती काकी आहे ना, नथवाली?"

मी विचार करून सांगते म्हणाले. घरी येऊन आईला काहीच सांगितलं नाही. तिने विचारलं, "त्या पोराचा ताप उतरला का?" तिला हे कोणी सांगितलं कोण जाणे. अमोलने असेल.

२ डिसेंबर, मंगळवार

टाकलं.

मी खूप विचार केला. नोकरी गेली तर मळ्याचा उपक्रम जाईल, आणि उपक्रम राहिला तर पुढे कधीतरी हे पुन्हा करता येईल, जास्त नीट. एक पाऊल मागे घेऊनच काही कामं होतात. शिवाय त्यात आईचं नाव नाही. सरांचं वाक्य अडखळत होतं, म्हणून ते मी सुधारलं. खराब मराठीत दिलगिरी व्यक्त करणं मला जमणार नाही.

संध्याकाळी अमोल फोन घेऊन आला. त्याला वाटलं आईला दाखवायला हवं. आई चौथी शिकलेली आहे, बोट ठेवून वाचते. फोनवर बोट ठेवलं की अक्षरं सरकत होती, म्हणून तिला वेळ लागला.

"'संबंधित महिला'. ही कोन?"

"ते ऑफिसच्या भाषेत तसं लिहितात, आई."

"मीच ना?"

"हो."

"माहिती दिली नव्हती, असं हाय हिथं."

अमोल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "नाव घातलेलं नाही. कोणाला कळणार नाही."

"व्हय," आई म्हणाली. तिने फोन पदराने पुसून त्याला परत दिला. मग मला म्हणाली, "त्यो पोरगा बरा झाला ना पर?"

मी म्हटलं, हॉस्पिटलमधून सोडलंय.

"मंग बरं झालं."

नंतर ती बादली घेऊन गोठ्यात गेली. अमोल जाताना म्हणाला, "चतुराकाकीला तू निदान आधी वाचून तरी दाखवायचं." तो बारावी नापास आहे, त्याला या गोष्टींतली गुंतागुंत कळणं अवघड आहे. आईने मनाला लावून घेतलेलं दिसलं नाही. जेवताना तिने माझ्यासाठी तूपही काढलं.

७ डिसेंबर, रविवार

आज सायलीचं लग्न झालं असणार. फोटो दिसत नाहीत. तिने मला काढून टाकलंय, किंवा काही टाकलंच नसेल.

आईने आज बाजारातून आल्यावर पितळी ताट काकीकडे देऊन टाकलं. मला म्हणाली, "तिलाच लागनार हाय आता, तिच्याकडं ऱ्हाऊ दे." सोयीचंच झालं.

१३ डिसेंबर, शनिवार

मुंबईचा ग्रुप आला, चौदा जण. एका जोडप्याचा साखरपुडा, म्हणून मुलगे-मुली दोन्ही. या वेळी मी प्लॅन फार सुटसुटीत केला होता आणि एकही गोष्ट चुकली नाही. बस वेळेवर आली. काकीने नथ घातली, हिरवी नऊवारी नेसली, आणि राकेश म्हणेल तेव्हा म्हणेल तितक्या वेळा ओवाळलं. एकदा तर दिवा विझला, तरी तिने हसून पुन्हा लावला आणि पोरांना म्हणाली, "चला, अजून येकदा, यवढं वाकू नका, नारळ नाय फोडायचा डोक्यावर!" सगळे लोटपोट. सर स्वतः आले होते. म्हणाले, "सृष्टी, हे खरं काम."

आईला कुठे थांबवायचं, ते मी तिला कसं सांगायचं, याचा मी आठवडाभर विचार करत होते. पण सांगावं लागलंच नाही. सकाळी बस यायच्या आधीच ती फुलांची पाटी आणि दोऱ्याचं बंडल घेऊन गोठ्याच्या मागे जाऊन बसली. गजरे आणि फुलांचे दागिने तिथूनच करून अमोलच्या हाती पाठवत होती. मागची जांभळी नऊवारी नव्हती, नेहमीचं विटकं लुगडं होतं. ती समजूतदार आहे. याबाबतीत मी भाग्यवान आहे.

जेवणाच्या वेळी एक पाहुणी मुलगी दंडावरच्या बाजूबंदाकडे बघत म्हणाली, "किती नाजूक विणलंय! हे कोण करतं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे एक बाई आहेत, त्या करतात."

"त्यांना भेटता येईल?"

"आज त्या आल्या नाहीत."

आईला हे ऐकू गेलं असेल असं मला वाटत नाही. मी गोठ्याच्या अगदी जवळ उभी नव्हते, आणि वाराही उलट्या दिशेचा होता.